'सिस्टीममध्ये तर चालू दाखवतंय'

केबलच्या बॉक्सचा तो फॉर्म मी तीनदा भरला. तिन्ही वेळा लाइटबिलाची झेरॉक्स जोडली, तिन्ही वेळा 'पुढे पाठवलाय' असं ऐकलं, आणि तरीही आईच्या खोलीतला टीव्ही अकरा दिवस बंद राहिला. केबल डिजिटल झाली त्याला आता बरीच वर्षं लोटली, पण 'सिस्टीममध्ये तर चालू दाखवतंय' हे वाक्य कुठल्याही काउंटरवर कानावर पडलं की माझं डोकं आजही सटकतं.

मुंबईची जुनी, बॉक्सशिवाय चालणारी ॲनालॉग केबल 31 ऑक्टोबर 2012 ला बंद झाली. पुणं दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत होतं, मुदत 31 मार्च 2013. आमच्या केबलवाल्याचा मुलगा शेवटच्या आठवड्यात पोतं खांद्यावर टाकून आला, त्यात अख्ख्या बिल्डिंगचे सेट-टॉप बॉक्स. पूर्वी एकाच वायरला जोड देऊन दोन्ही खोल्यांत टीव्ही चालायचा; आता दर टीव्हीला वेगळा बॉक्स. दोन बॉक्सचे पैसे मोजताना जिवावर आलं, पण चित्र बघून गप्प बसलो. मुंग्या गेल्या, माणसांमागे दिसणारी दुसरी फिकट माणसं गेली. (पावसात मात्र वायरच्या जोडात पाणी शिरलं की चित्राचे चौकोन पडून ते जागच्या जागी गोठायचं. जुनं चित्र खराब झालं तरी काहीतरी दिसायचं, हे दिसलं तर उत्तम, नाहीतर काहीच नाही.)

टीव्ही फार जुना असेल आणि मागे पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची भोकंच नसतील, तर अँटेनाच्या भोकात वायर जाईल असा बॉक्स आहे का, हे आधी विचारा. आईच्या टीव्हीला होती, म्हणून आम्ही सुटलो.

मग ट्राय, म्हणजे फोन आणि टीव्ही सेवांवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा, फॉर्मच्या मागे लागली. प्रत्येक बॉक्स कुणाच्या घरात आहे आणि त्याने कुठले चॅनल घेतलेत याची नोंद कंपनीकडे असलीच पाहिजे. त्यामागचं कारण रास्त होतं. ॲनालॉगमध्ये वायर म्हणजे नुसती वायर, गल्लीत घरं कितीही असोत, केबलवाला वर कंपनीला कमीच दाखवतो ही जुनी तक्रार. डिजिटलमध्ये प्रत्येक बॉक्सला नंबर, आणि कंपनी तिथे बसून हवा तो बॉक्स बंद करू शकते. मी फॉर्म भरला, मुलाने वहीत बघून नंबर सांगितले, मी लिहिले. हॉलचा बॉक्स सुरळीत चालला. पावसाळ्यात आईच्या टीव्हीवर पट्टी यायला लागली: फॉर्म जमा करा, अन्यथा सेवा बंद होईल. मी दुसरा फॉर्म भरला. नंबर? पहिल्या फॉर्मच्या कॉपीवरून उतरवले. हा गाढवपणा माझा.

एका सोमवारी पडदा काळा झाला. आईच्या सह्याद्रीच्या सातच्या बातम्या गेल्या. हॉलमध्ये येऊन बघ म्हटलं तर 'तुमच्या मॅचमध्ये मी कशाला' म्हणाली आणि रेडिओ लावून बसली. त्या रेडिओचा आवाज रोज थोडा थोडा वाढत होता, एवढं सांगतो.

केबलवाला म्हणाला, "काका, फॉर्म कधीच वर गेलाय, कंपनीला विचारा." टोल फ्री नंबरवर वीस मिनिटं गाणं ऐकलं, मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या नावावरचे दोन्ही बॉक्स चालू आहेत." म्हटलं, अहो, मी काळ्या पडद्यासमोर उभा आहे. "पण सर, सिस्टीममध्ये चालू दाखवतंय. तुमची वायर बघून घ्या." वायरवाला आला, हॉलचा बॉक्स आईच्या खोलीत लावून बघितला, चित्र आलं. म्हणजे वायर ठणठणीत. पुन्हा फोन, पुन्हा गाणं. तक्रारीचा नंबर मागून घ्यायचा असतो हे मला तिसऱ्या फोनला कळलं; तोवर प्रत्येक वेळी गोष्ट पहिल्यापासून.

आठव्या दिवशी रजा टाकून कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह'. मी काही बोलायच्या आत त्याने तिसरा फॉर्म पुढे सरकवला. तो भरताना मात्र मी अडलो. म्हटलं, नंबर घरी जाऊन बॉक्सवरूनच बघतो.

घरी बॉक्स उलटा केला. खाली स्टिकर, त्यावर दोन नंबर, एक बॉक्सचा आणि एक कार्डाचा, भाताच्या शितापेक्षा बारीक अक्षरांत. मोबाईलवर फोटो काढला, मोठा करून पाहिला. फॉर्मवरच्या आकड्यांशी शेवटचे चार आकडे जुळतच नव्हते. मग डोक्यात प्रकाश पडला: पोत्यातून काढताना मुलाने आमचा आणि वरच्या मजल्यावरच्या काकांचा बॉक्स अदलाबदल केला होता. काका दोन महिने त्यांच्या मुलाकडे गेलेले, त्यांनी फॉर्म भरलाच नव्हता. त्यांच्या नावावरचा बॉक्स नियमाप्रमाणे बंद झाला, तो आमच्याकडे होता. आणि आमच्या नावावरचा बॉक्स वर कुलूपबंद घरात खरोखरच चालू होता! स्क्रीन एका अक्षराने खोटं बोलत नव्हती.

तेव्हा नंबर वहीतून घेऊ नका, स्टिकरवरून घ्या, आणि माणूस दारात असतानाच घ्या. फॉर्मची कॉपी मिळते, ती मागा. आणि 100 रुपयांत, वर कर, 100 फ्री चॅनलचं साधं पॅकेज द्यायचा ट्रायचा नियम तेव्हा होता. मला तो त्या ऑफिसच्या भिंतीवर वाचून कळला, तोवर पाच महिने मोठ्या पॅकेजचे पैसे भरून झाले होते.

तिसरा फॉर्म दिल्यावर अकराव्या दिवशी संध्याकाळी फोन आला, "बॉक्स चालू ठेवा, सिग्नल सोडतोय." दोन मिनिटं काळं, मग आवाज, मग चित्र. आईने रेडिओ बंद केला. मला काही बोलली नाही, फक्त खुर्ची पुढे ओढली.

पुढच्या महिन्यात वरचे काका परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात, "तुमचा टीव्ही चालतो का हो? आमचा काळाच आहे." मी त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत. म्हटलं, आधी वर चला, बॉक्स उलटा करू.