वीस सेकंदांचा धंदा : आमची वाटचाल

कोल्हापुरात खासगी एफएम आलं तेव्हा शाहूपुरीत आमचं कॅसेट-सीडी भरून द्यायचं दुकान होतं. तालीम मंडळांच्या देखाव्यांची निवेदनं आणि रिक्षावर भोंगा लावून फिरवायच्या जाहिराती, यावर घर चालायचं. रिक्षाला वेळेचं बंधन नसतं. गल्ली संपेपर्यंत बोला. एफएम आल्यावर आम्ही रेडिओच्या जाहिराती लिहून-भरून द्यायला लागलो, आणि तिथं बोलायला बहुतेक वीसच सेकंद.

रेडिओवरची जाहिरात तशी जुनीच. विविध भारतीवर १९६७ साली मुंबई-पुणे-नागपूरपासून ती सुरू झाली. पण आमच्या गुजरीतल्या सराफाला किंवा महाद्वार रोडच्या साडीवाल्याला ते आपलं काम वाटलंच नाही. त्यांची जाहिरात म्हणजे पेपर, भिंत, नाहीतर थिएटरातली स्लाइड. २००१ मध्ये बंगळूरला पहिलं खासगी एफएम लागलं, तेव्हा केंद्रचालकांना ठरीव फी भरावी लागायची आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायची. मोठ्या शहरांतल्यांचाच दम निघाला, तिथं आमच्यासारख्या गावाला कोण विचारणार? २००५ च्या धोरणात एकदाच प्रवेश शुल्क आणि पुढं उत्पन्नात वाटा असा हिशेब आला, मग कोल्हापूर, सांगली, सोलापूर यादीत बसले. हवेत टोमॅटो एफएम आलं, रेडिओ मिर्ची आली. मंडई भरली म्हणून लोक हसायचे, पण ऐकायचेही.

एफएमवर दर दहा सेकंदांवर लागतो. इथंच आमची शाळा सुरू झाली. पहिलं गिऱ्हाईक एक सराफ. मजकूर स्वतः लिहून आणला होता: आजोबांचं नाव, दुकानाची सगळी वर्षं, दागिन्यांचे प्रकार आणि पत्ता, तोही ‘अमुक बँकेच्या समोर, तमक्या हॉटेलच्या शेजारी’ असा. वाचला तर ७० सेकंद. वीस सेकंदांत सावकाश बोललं तर पंचेचाळीसेक शब्द मावतात. मी पत्ता काटला तर म्हणाले, “पैसे मी देतोय न्हवं?” शेवटी घड्याळ त्यांच्याच हातात दिलं. तीनदा स्वतः वाचून बघितलं आणि मग आजोबांवर स्वतःच काट मारली.

स्टुडिओ म्हणजे आतली खोली. भिंतीला आईच्या जुन्या गोधड्या, माइकपुढं भरतकामाच्या रिंगेवर ताणलेला नायलॉनचा मोजा. तो नसला की ‘पंचगंगा’तला ‘प’ स्पीकरमधून फटाक्यासारखा वाजतो. आवाज सुरुवातीला पुण्याहून मागवायचो. शुद्ध, गुळगुळीत. एकदा आवाजवाला आला नाही म्हणून मिरची कांडपवाल्याच्या जाहिरातीला आमच्याच पोराला उभं केलं. “चटणी संपली व्हय वैनी?” एवढंच वाक्य. त्या वाक्यावर पुढं बरीच कामं आली.

आमच्या हातून चूकही झाली. साड्यांच्या सेलच्या जाहिरातीत फोन नंबरचा एक आकडा चुकला आणि चार दिवस एका निवृत्त मास्तरांच्या घरी पैठणीचे भाव विचारणारे फोन गेले. मास्तर दुकानात आले, रागावले, चहा प्यायले. तेव्हापासून नंबर आधी फिरवून बघतो, मगच रेकॉर्डिंग.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली, धोक्याची आहे ४३. हायवे बंद, गिऱ्हाईक बंद. आम्ही वरच्या मजल्यावर मशीन हलवून सेलवरचा रेडिओ लावून बसलो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, पण पूर, पाणी, वीज याबद्दल प्रशासनाकडून आलेली माहिती चालते. जाहिरातींमधली भर म्हणून ऐकायचो ती माहिती, त्या दिवसांत तिच्याचसाठी रेडिओ लावला. पुढच्या वर्षी कोरोना. त्याबद्दल काय लिहायचं, दोन पोरं कमी करावी लागली, अजून टोचतं.

आता निम्मं काम रीलचं आहे. रेडिओ सुटलेला नाही. परवा त्या सराफांच्या मुलाचा फोन आला. मजकूर त्यानं स्वतः लिहिला होता, “मोजून लिवलाय काका, वीस सेकंदांत बसतोय.” वाचून बघितला. तेवीस भरले. आजोबा परत आले होते.