राहून गेलेला एक्स-रे

चाळिशीतला सुतार. दुचाकीवरून पडला आणि उजवं मनगट मोडलं. रेडियस, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचं अंगठ्याच्या बाजूचं हाड; त्याचं टोक मोडून फट थेट सांध्यात गेलेली, तुकडा मागे सरकलेला. असे हात आमच्याकडे रोज येतात.

मोडल्या जागीच भुलीचं इंजेक्शन दिलं आणि भूल चढेपर्यंत थांबलो. माझ्या हाताखालच्या डॉक्टरने, रजिस्ट्रारने, दंड धरला, मी अंगठा आणि दोन बोटं पकडून ओढत राहिलो. इथे घाई केली की हाड बसत नाही. झटका न देता, न सोडता, स्नायू थकेपर्यंत ताण ठेवायचा. मग माझ्या अंगठ्याखाली तुकडा सरकला, तो जागेवर आल्याचं स्पष्ट कळलं. कच्चं प्लास्टर तळव्यावरच्या घडीच्या अलीकडेच थांबवलं, म्हणजे बोटं मुळापासून मिटतात. प्लास्टर बोटांवर आणणारे अजूनही भेटतात. मनगट जुळतं आणि बोटं आखडून बसतात. याचा मला मनापासून राग येतो.

नंतरच्या एक्स-रेवर सांध्याची कड सलग दिसली. मी खूश होतो.

तो परत आला तो थेट सहाव्या आठवड्यात. प्लास्टर इतकं ढिलं झालं होतं की खाज आली की तो आत पेन्सिल घालत होता आणि ती सहज फिरत होती. सूज उतरली की प्लास्टर ढिलं होतं, धरलेला तुकडा निसटतो आणि अनेकदा ते कळतही नाही. म्हणून तर पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात एक्स-रे काढायचा असतो. तेव्हा सरकलेलं दिसलं, तर पुन्हा बसवता येतं किंवा प्लेट टाकता येते. आता हाड चिकटलं होतं आणि सांध्याच्या कडेचा एक भाग दुसऱ्यापेक्षा खाली-वर, म्हणजे ३ मिमीची पायरी राहिली होती.

मनगटावर येणाऱ्या भारापैकी सुमारे ८० टक्के भार रेडियस पेलतं. त्याच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाला, म्हणजे कूर्चेला, रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती झिजली की पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पायरी २ मिमीपेक्षा जास्त राहिली की पुढे संधिवाताची शक्यता बरीच वाढते. हे मी त्याला फिल्म दाखवून समजावत होतो. तो मध्येच म्हणाला, "म्हणजे ड्रॉवरच्या पट्टीवर स्क्रूचं डोकं वर राहिल्यासारखं. सुरुवातीला नुसतं अडकतं, मग लाकूड खायला लागतं."

याहून नेमकं मला आजवर सांगता आलेलं नाही.

"मग आठवड्याने का आला नाहीत?"

"दुखत नव्हतं, डॉक्टर. आणि तुम्हीच म्हणालात, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघेल."

म्हणालो होतो. आठवड्याच्या तपासणीचं त्याच्या कागदावर होतं, पण आमच्या सवयीच्या संक्षेपात, जो दुसऱ्या डॉक्टरलाच वाचता येतो. दिलेल्या तारखेला कोण आलं नाही, हे बघणारं आमच्या ओपीडीत कुणी नाही. पेशंट बेफिकीर असतात, असं आम्ही सर्रास म्हणतो. हा माणूस बेफिकीर नव्हता.

आता काय करायचं, हे ठरत नाहीये. जुन्या रेषेतच हाड पुन्हा कापून सांधा सपाट करता येतो, पण ते ऑपरेशन अवघड आहे आणि त्यात कूर्चेला आणखी इजा होऊ शकते. दुसरीकडे, फिल्मवर संधिवात दिसूनही वर्षानुवर्षं फारसं न दुखणारी मनगटं मी पाहिली आहेत. पण ती सगळी रंधा मारणारी नव्हती. सीटी स्कॅन सांगितला आहे. तो आल्यावर हाताच्या सर्जनचं मत घेणार आहे.

त्या दिवशी प्लास्टर कापल्यावर मी त्याला मूठ वळायला सांगितलं. मनगट जाम होतं, पण पाचही बोटं पूर्ण मिटली, घट्ट. बोटांचे व्यायाम त्याने रोज, न चुकता केले होते. ते का करायचे, हे मी त्याला पहिल्याच दिवशी शेजारी बसून समजावलं होतं.