पोलो लोअरिंग: पुढचं शांत, मागचं डावं घासतंय

मंडळी, माझ्या फोक्सवॅगन पोलोला गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग बसल्या. बॉक्सवर 35 मिमी लिहिलंय, प्रत्यक्षात पुढे 32 आणि मागे 28 उतरली. हे माप चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत घेतलंय. जमिनीपासून मोजलं की टायर बदलल्याबरोबर हिशोब चुकतो, आणि माझे टायर बदललेत: 185/60 आर 15 काढून 195/55 आर 15. व्यास 603 वरून साधारण 595 वर आला, म्हणजे त्रिज्येत जेमतेम पावणेचार मिमी. उंचीचा प्रश्न तिथे नाहीच.

प्रश्न रुंदीचा आहे. जुनी रिम 6 इंची, ईटी (ऑफसेट मिमीमध्ये, आकडा कमी तितकं चाक बाहेर) 40. नवी 7 इंची, ईटी 35. रुंदीतला अर्धा इंच बाहेर गेला, वर ऑफसेटचे 5 मिमी, म्हणजे रिमची कड जवळजवळ 18 मिमी बाहेर. आतल्या बाजूला मात्र आठच मिमी सरकली, म्हणून पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवूनही लायनरला (चाकाभोवतीच्या आतल्या प्लास्टिकला) काही लागत नाही. मागे दोन माणसं बसली आणि कापूरबावडीकडून घोडबंदरला लागलं की डावीकडून 'खर्र'.

ग्रुपवर लगेच सल्ला आला, "भावा, फार खाली केलीस." मला हे पटत नाही. चाक वर कुठपर्यंत जाणार ते बंपस्टॉप (चाकाला वर अडवणारा ठोकळा) ठरवतो, स्प्रिंग नाही. याच रिम जुन्या स्प्रिंगवर लावल्या असत्या तरी मोठ्या खड्ड्यात चाक तिथेच जाऊन घासलं असतं. गाडी खाली केल्यावर तिथे पोचायचं अंतर कमी होतं, म्हणून आवाज वारंवार येतो. उंच ठेवून घासणं लपतं, जात नाही. म्हणूनच बंपस्टॉप अर्धा कापा म्हणणाऱ्या मिस्त्रीला मी हात जोडले. कापला की चाक आणखी वर जाणार. आणि मूळ स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी बसवणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको. चाक लोंबकळलं की ती स्प्रिंग जागेवरून हलते.

रविवारी पार्किंगमध्ये माप घेतलं. गाडी जॅक स्टँडवर, मागची स्प्रिंग बाहेर (पोलोत मागे स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे, हे एक सुख), फेंडरच्या आतल्या पत्र्याला गणपतीतून उरलेल्या शाडूच्या मातीची जाड वळी चिकटवली आणि चाक जॅकने बंपस्टॉप दबेपर्यंत वर घेतलं. खाली उतरवून पाहिलं तर उजवीकडे माती चार मिमी उरलेली. डावीकडे बोटभर लांबीचा पट्टा अगदी पत्र्यापर्यंत खरवडलेला, त्यात टायरच्या खांद्याच्या रेघा स्पष्ट उमटलेल्या. फेंडरच्या कडेला पत्र्याची आत दुमडलेली पट्टी असते, तीच आडवी येतेय.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) असल्याने कॅम्बर (चाकाचा उभा कल) फिरवून चाक आत झुकवायची सोय नाही. शिम (पातळ चकत्या) घालता येतात, पण एवढ्यासाठी तो खटाटोप नको. त्यामुळे फेंडर रोल करायचं, म्हणजे ती पट्टी रोलरने दाबून सपाट करायचं ठरलं. रोलर हबला बोल्टने बसतो. हीट गनने रंग गरम ठेवत थोडं थोडं दाबत जायचं, घाई केली की रंग तडकतो. ठाण्याचा पाऊस बघता आतली घडी प्रायमर आणि सीलर लावून बंद करणं मला रोलिंगपेक्षा महत्त्वाचं वाटतं. तिथे गंज धरला तर सहा महिन्यांनी कळतं.

अलाइनमेंट स्प्रिंग बसल्याच्या दुसऱ्या दिवशीच केलं. पुढचा टो (चाकं सरळ की आत-बाहेर वळलेली, तो कोन) चांगलाच सरकला होता. तसाच ठेवला असता तर टायरची कड खाल्ली गेली असती.

रोलिंगनंतर मागे तिघं बसवून गायमुख घाट. पाम बीच रोडच्या गुळगुळीत डांबरावर 'घासत नाही' म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ मी मोजत नाही. घाटात आवाज आला तर ईटी 40 ची रिम शोधणार. कोणाकडे 5x100 (पाच बोल्ट, 100 मिमीच्या वर्तुळावर) मध्ये पडून असेल तर सांगा.