तुम्ही विचारलंत म्हणून: घोंगडी टोचते का?

पुण्यात प्रदर्शनाला बसलं की दिवसातून वीसदा तरी हा प्रश्न येतो. घडीवरून हात फिरवायचा, पटकन मागे घ्यायचा आणि विचारायचं, "ताई, टोचत नाही का हो ही?"

टोचते. नवी असताना तर चांगलीच टोचते.

आम्ही नवरा-बायको माण तालुक्यात लोकर पिंजतो, काततो, घोंगड्या विणतो. हे सणगरांच्या, म्हणजे पिढीजात घोंगड्या विणणाऱ्यांच्या घरातले, माग त्यांच्या आजोबांचा. पिंजायचं छोटं यंत्र मात्र आम्ही दोघांनी कर्ज काढून घेतलं. लोकर धनगरांकडून येते, दख्खनी मेंढीची, आणि तिचा केस मुळातच जाड. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा केस साधारण २० मायक्रॉन जाडीचा असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ३० च्या पुढे गेला की त्याचं टोक वाकत नाही, कातडीत रुततं. दख्खनीचे बरेचसे केस ३० च्या पुढचेच.

पण मेंढका घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन भर पावसात माळावर उभा राहतो, तो याच केसाच्या भरवशावर. पाणी वरच्या वर ओघळतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही.

टोचण्यात थोडा वाटा खळीचाही आहे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून चिंचोके भाजून, भिजवून, पाट्यावर वाटतात. ती चिकट लापशी शिजली की उभ्या सुतावर कुंच्याने ओढायची, उन्हात ताणून वाळवायची. त्याशिवाय हातकताईचं सूत मागावर टिकत नाही, पटापट तुटतं. म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि तिला आंबूस वास येतो. गार पाण्यात बुचकळून काढा, घासू नका, पिळू नका. दोन-तीन पाण्यांत खळ निघते आणि घोंगडी अंगासरशी बसायला लागते. आत्यांच्या अंथरुणातली घोंगडी माझ्या लग्नाच्या आधीची आहे. तिच्यावर आमची दोन्ही पोरं उघड्या अंगाने झोपली.

"मग ॲक्रिलिक मिसळा की, मऊ होईल," असं पुष्कळजण मायेनं सुचवतात. मिसळणार नाही. आमच्या एका घोंगडीला अडीच किलो लोकर लागते, म्हणजे आठ-दहा मेंढ्यांची कातरणी. ती आम्ही घेतली नाही तर घेतंय कोण? मागच्या वर्षी धनगरांच्या एका वाड्यावर गेले, तर कातरलेली काळीभोर लोकर ओढ्यात टाकलेली. तिथले मेंढपाळ मामा म्हणाले, "कातरायची मजुरीबी निघत नाही, पोरी." त्यांच्या कळपात आता निम्म्या माडग्याळ जातीच्या मेंढ्या आहेत. उंच, वजनदार, कोकराला पैसा चांगला, आणि अंगावर लोकर जवळपास नाहीच. मामांचा हिशेब चुकीचा नाही. म्हणूनच मला लोकरीला भाव द्यायचा आहे, आणि तो आहे त्याच लोकरीची घोंगडी विकून द्यायचा आहे.

कातडी फारच नाजूक असेल, किंवा बाळासाठी हवी असेल, तर जावळाची मागा. कोकराची पहिली लोकर ती, बोटांना तुपासारखी लागते. फार थोडी मिळते. कातरणीच्या आधी सांगून ठेवलंत तर तुमच्या नावाची वेगळी बांधून ठेवते.