सिसलेचं गाव आणि कागदांची फाईल

पॅरिसमधे आपल्याकडे पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेलाच असतो, आयफेल, लूव्र, आणि फारच हौशी असतील तर चित्रकार मोनेच्या बागेसाठी जिव्हर्नी. मी मात्र माणसं बघून, म्हणजे ज्यांना चालायला आवडतं अशांना, मोरे गावाला घेऊन जाते. मोरे-सुर-ल्वां. गार द लियाँवरून आर लाइनची लोकल, तासाच्या आत पोचतो, मग थोडं चालत गाव. एका वेशीतून आत शिरायचं, सरळ मेन रस्ता, दुसऱ्या वेशीतून बाहेर की थेट पुलावर, झालं, गाव संपलं. ल्वां नदी इथून जरा पुढे जाऊन सेनला मिळते, त्यामुळे इथे तिला काही घाईच नाही, पुलाच्या कमानींखालून जाताना तेवढा आवाज करते.

खरं गाव बघायचं ते पूल ओलांडून पलीकडच्या काठावरून. पूल, वेस, मागे चर्च, सगळं एका नजरेत येतं. मोनेच्याच काळातला चित्रकार आल्फ्रेड सिसले, त्याने 1893 मधे हेच चित्र काढलं, ते आता पॅरिसला ऑर्से म्युझियममधे आहे, आणि आमच्यात कोणीतरी ते फोनवर उघडून समोर धरतंच, मग हे झाड नव्हतं, ते घर तेव्हाही होतं, अशी चर्चा सुरू. पण मला विचाराल तर झाडं-घरं सोडा, आकाश बघा. सिसले चित्राची सुरुवातच आकाशापासून करायचा, तसं त्याने लिहूनही ठेवलंय. म्हणून मोरेला ऊन पडलेलं नसलं तरी जावं, उलट ढग असतील तर जास्त मजा. चर्चची तर त्याने डझनभर चित्रं केली, उन्हातलं, पावसातलं, हिमकण पडलेलं. साधारण त्याच सुमारास मोने रुआंच्या कॅथेड्रलवर तेच करत होता. नाव कोणाचं झालं ते सांगायला नको.

पण मला सिसलेबद्दल जिव्हाळा वाटतो तो चित्रांपेक्षा त्याच्या कागदपत्रांमुळे, हे जरा विचित्र आहे, पण रेसिडन्स कार्डासाठी फाईल घेऊन रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही कळेल. हा माणूस 1839 मधे पॅरिसमधेच जन्मला, आईवडील इंग्रज, आयुष्य जवळजवळ सगळं फ्रान्समधे, शेवटची दहा वर्षं याच गावात, आणि फ्रेंच नागरिकत्व? अर्ज करूनही शेवटपर्यंत नाही मिळालं. युजेनीबरोबर तीसेक वर्षं संसार केला, मुलं मोठी झाली, आणि कागदावरचं लग्न लागलं 1897 मधे, तेही समुद्र ओलांडून कार्डिफला जाऊन. पुढच्या वर्षी ती गेली आणि जानेवारी 1899 मधे हा. पैसे नव्हतेच, मुलांसाठी मोनेने पुढाकार घेऊन चित्रांचा लिलाव केला. आणि 1900 मधे, म्हणजे जेमतेम वर्षभरात, पोर-मार्ली गावातल्या पुराचं त्याचं एक चित्र 43,000 फ्रँकला गेलं, जे त्याने स्वतः 180 ला विकलं होतं! आता गावात जिकडेतिकडे सिसले. आता तो यांचा.

असो. इथे बार्लीची साखर नावाची गोळी मिळते ती घ्याच, 1638 पासून इथल्या मठातल्या नन्स करायच्या, बार्लीच्या पाण्यात साखर उकळून. मधाच्या रंगाची, काचेसारखी पारदर्शक, पहिल्यांदा काहीच लागत नाही नुसती गोड, मग हळूहळू मागून जरा भाजल्यासारखी चव येते. चावायची घाई करू नका, दाताला अशी चिकटते की पाच मिनिटं बोलती बंद. लहान मुलं बरोबर असतील तर हा फायदाच समजा.

आणि हो, मेन रस्त्यावर एक घर दाखवतात. 1815 च्या मार्चमधे एल्बा बेटावरून निसटलेला नेपोलियन पॅरिसला जाता जाता तिथे एक रात्र झोपला होता. आमचे निम्मे पाहुणे सिसलेचं सगळं ऐकून घेतात आणि फोटो मात्र त्या घरासमोर काढतात. नेपोलियनला काही त्या रात्री कोणी कागद विचारले नसणार.