बोटीवरचा पोर्टेबल जनरेटर उतरवताना

जुनी केबिनवाली बोट घ्यायची ठरली, तेव्हा विमा कंपनीने सर्व्हे रिपोर्ट मागितला. आधीच्या मालकाने मागच्या डेकवर, केबिनच्या दारालगत, २ किलोवॉटचा पेट्रोल जनरेटर पट्ट्यांनी आवळून ठेवला होता. फ्रीज, दिवे, पंखे आणि केबिनमधला छोटा एसी त्याच्यावरच चालायचा. सर्व्हेअरनी बोटीचा तळ आणि इंजिन बारकाईने तपासलं. जनरेटरजवळ मात्र ते फार थांबले नाहीत आणि रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं की हा उतरवल्याशिवाय विम्याची शिफारस करता येणार नाही.

मी त्यांना विचारलं, "उघड्यावरच आहे ना? धूर तर बाहेरच जातो."

उत्तर देण्याऐवजी त्यांनी टिश्यू पेपरची एक लांब पट्टी केबिनच्या मागच्या दाराच्या चौकटीला वरून चिकटवली, पुढच्या खिडक्या बंद केल्या आणि मला बोट सावकाश पुढे न्यायला सांगितलं. जनरेटर बंदच होता. बोटीने जरासा वेग घेतला आणि पट्टी केबिनच्या आत वळली. बोट पुढे जाताना केबिनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची हवा दारातून आत ओढली जाते. त्यांनी पुढची खिडकी उघडली, तशी पट्टी बाहेरच्या बाजूला फडफडू लागली. "आता नांगर टाकून झोपलात, वारा पडला आणि खिडक्या डासांमुळे बंद आहेत असं समजा," ते म्हणाले. पुढचं सांगायची गरज उरली नव्हती.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पण बोटीवर सर्वांत घातक गोष्ट वेगळीच आहे. डोकं दुखणं, मळमळणं, चक्कर येणं ही त्याची लक्षणं हुबेहूब बोट लागल्यासारखी असतात. बोट लागली की आपण माणसाला काय सांगतो? आत जाऊन पड जरा. म्हणजे ज्या हवेतून त्याला ताबडतोब बाहेर काढायला हवं, त्याच हवेत आपण त्याला झोपवतो. बोटावर लावायचं साधं ऑक्सिमीटरही इथे फसवतं, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. आकडा ९८ दिसतो आणि माणूस बेशुद्धीकडे चाललेला असतो. अमेरिकेतल्या लेक पॉवेल या तलावावर ऑगस्ट २००० मध्ये हाऊसबोटीच्या मागच्या पोहण्याच्या फळीखाली साचलेल्या धुराने दोन लहान भावांचा जीव गेला. तिथला जनरेटर तर बोटीत कायमचा बसवलेला होता. त्यानंतर झालेल्या तपासण्यांतून जनरेटरचा धूर छतावर नेणाऱ्या उभ्या चिमणीचा पर्याय पुढे आला. पोर्टेबल जनरेटरचा धूर तर डेकवर बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर सुटतो.

पेट्रोलचा धोका मला थोडाफार ठाऊक होता, पण सर्व्हेअरनी टाकीचं झाकण दाखवलं तेव्हा तो नीट कळला. या जनरेटरची टाकी इंजिनाच्या डोक्यावरच असते आणि झाकणाला हवेसाठी छिद्र असतं. जमिनीवर त्याने काही बिघडत नाही. बोट डुलायला लागली की त्याच छिद्रातून पेट्रोल झिरपतं. झाकणाभोवती धुळीची एक चिकट, काळपट कड धरली होती, ती याचीच खूण. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती डेकवरून घरंगळत बोटीच्या तळाच्या पोकळीत, बिल्जमध्ये, जाऊन बसते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचलं की एक ठिणगी पुरते. म्हणूनच पेट्रोल बोटीत इंजिन सुरू करण्याआधी ४ मिनिटं ब्लोअर, म्हणजे आतली वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालवा अशी पाटी असते आणि इंजिनाजवळचे विजेचे भाग ठिणगीरोधक असावे लागतात. पोर्टेबल जनरेटर यातली कुठलीच अट पाळायला बनवलेला नसतो. शिवाय बोटीसाठी बनवलेल्या जनरेटरचा धूर बहुधा समुद्राच्या पाण्यात मिसळून, थंड करून बाहेर सोडतात. याचा सायलेन्सर कोरडाच तापतो, आणि शेजारी फायबरग्लास आणि ताडपत्री.

विजेचं प्रकरण थोडक्यात सांगतो. आधीच्या मालकाने दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटर बोटीच्या सॉकेटमध्येच जोडला होता. एक टोक सुटलं की उघड्या पिना जिवंत, आणि जेट्टीवरची वीज चुकून त्याच वेळी जोडली गेली तर उलटी वीज थेट लाइनमध्ये. ती वायर मी त्याच दिवशी तोडून टाकली.

जनरेटर उतरवणं सोपं होतं. खरं काम त्याची जागा भरून काढण्याचं. मी आधी कागदावर खर्च मांडला, अर्थात विजेचा. १२ व्होल्टचा फ्रीज चालू असताना ४ ते ५ अँपिअर घेतो, पण तो दिवसातला निम्माच वेळ चालतो. त्यात दिवे, दोन पंखे, पाण्याचा पंप आणि फोन धरले की एका दिवसाला जेमतेम १०० अँपिअर-तास. म्हणजे २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल, आणि त्याला कमी पडेल ते भरायला इंजिनावर चालून वीज बनवणारा अल्टरनेटर, एवढं पुरेसं होतं. एसी या हिशोबात बसत नव्हता, तो आता फक्त जेट्टीवरच्या विजेवर चालतो. मला विचाराल तर रात्रीच्या एसीच्या हट्टापायीच बहुतेक लोक हा जनरेटर बोटीवर आणतात आणि माणसं झोपलेली असतानाच तो चालू राहतो.

इलेक्ट्रिशियनने दोन गोष्टींवर अजिबात तडजोड केली नाही. बॅटरीच्या टर्मिनलपासून १८ सेंटिमीटरच्या आत फ्यूज, आणि इंजिनाचा अल्टरनेटर व बॅटरी यांच्यामध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि साधा अल्टरनेटर त्यात जळू शकतो. जेट्टीची वीज की इन्व्हर्टर हे निवडायला असा स्विच बसवला की दोन्ही एकदम जोडताच येऊ नयेत.

सर्व्हेअरनी शेवटी कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर सांगितला, तो घरगुती नव्हे, बोटीसाठीचाच. "आता जनरेटरच नाही, तर डिटेक्टर कशाला?" असं बायकोने विचारलं. त्याचं उत्तर पुढे एका रात्री मिळालं. आमच्या बोटीला खेटून दुसरी बोट बांधली होती, तिच्या मागच्या डेकवर असाच जनरेटर चालू होता आणि वारा पडला होता. डिटेक्टर वाजला तसं मी सगळ्यांना उठवून पुढच्या डेकवर नेलं, खिडक्या-दारं सताड उघडली आणि शेजाऱ्यांना हाका मारून जनरेटर बंद करायला लावला. त्यांच्या केबिनमध्ये मुलं झोपलेली होती, त्यांनाही बाहेर काढलं. धाकट्याचं डोकं दुखत होतं, शेजारी म्हणाले, दिवसभर उन्हात होता म्हणून असेल. मी हट्टाने त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी रक्ताची तपासणी करा, असं मुद्दाम सांगायला लावलं. मुलगा ऑक्सिजन दिल्यावर बरा झाला.

डिटेक्टर लगेच वाजत नाही हेही लक्षात ठेवा. ७० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असताना, तो तासाभरानंतर किंवा त्याहूनही उशिरा वाजू शकतो, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे तो वाजला याचा अर्थ तुम्ही आधीपासून ती हवा घेताय. आवाज बंद करून पुन्हा झोपू नका, बाहेर पडा.

पुन्हा सर्व्हे झाला, रिपोर्टमधला तो शेरा निघाला आणि विमा मिळाला. जनरेटरमधलं पेट्रोल मी किनाऱ्यावर आणून काढलं आणि तो शेतावर पंपासाठी देऊन टाकला, तिथे तो उघड्या रानात, माणसांपासून लांब चालतो. डिटेक्टरच्या मागे बदलायची तारीख छापलेली असते, ती मी बोटीच्या लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.