गाडीतील वासाचे अकरा दिवस

आर्वी तालुक्यातील आमच्या गावापासून मी ज्या शाळेत शिकवतो ती शाळा २२ किलोमीटर अंतरावर आहे. माझी दहा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी सकाळी शाळेत जाते, दुपारनंतर वावरात जाते आणि आठवड्यातून एकदा गुरांसाठी सरकीच्या ढेपीचे पोते आणते. त्यामुळे गाडीला काही ना काही वास असणे ही आमच्या घरी बातमी नाही. तरीही गेल्या वर्षी कोजागिरीनंतर जो वास सुरू झाला तो या सर्व ओळखीच्या वासांपेक्षा वेगळा होता आणि तो पुरता घालवेपर्यंत अकरा दिवस गेले.

शोध इतका लांबला, कारण माझ्याजवळ पहिल्या दिवसापासून एक तयार उत्तर होते. कोजागिरीच्या रात्री आर्वीला मेहुण्यांकडे मसाला दूध घेऊन जात असताना एका वळणावर मागच्या सीटपुढे ठेवलेला पाच लिटरचा कॅन कलंडला आणि अंदाजे अर्धा लिटर दूध खालच्या मॅटवर सांडले. घरी आल्यावर मी ओल्या फडक्याने ते पुसून घेतले. दोन दिवसांनी गाडीत घाण वास येऊ लागला, तेव्हा घरातील कोणालाच दुसरी शंका आली नाही. सांडलेले दूध नासते, त्यातील स्निग्धांश कुजला की उलटीसारखा आंबट दर्प सुटतो आणि पुसलेल्या दुधाचा अंश मॅटखालच्या नमद्यात, म्हणजे जाड कापडी थरात, राहतोच, हे सर्व खरे असल्यामुळे मी त्याच दिशेने कामाला लागलो.

मागच्या बाजूची मॅट काढून धुतली, नमद्यावर कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा घालून घासले व गाडीची चारही दारे उघडून ती दिवसभर उन्हात ठेवली. ऑक्टोबरचे आमच्याकडचे ऊन या कामाला पुरेसे असते. पुढच्या सीटचे बोल्ट काढून सीटही बाहेर काढल्या, तेव्हा त्यांच्याखाली एक सुकून लाकूड झालेले संत्रे, मुलीच्या कंपासपेटीतील कर्कटक आणि कधीतरी वर्ध्याहून आणलेल्या गोरसपाकाचा चुरा निघाला. संध्याकाळी नाक जमिनीला टेकवून पाहिले तर दुधाचा आंबटपणा गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघालो आणि दोन किलोमीटरवर तोच वास पुन्हा आला, उलट थोडा अधिकच.

माझ्यासोबत रोज दोन सहकारी येतात. त्यांपैकी मॅडमनी तिसऱ्या दिवशी फक्त "सर, गाडीत काही राहून गेलं आहे का?" असे विचारले होते. पाचव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला की आज त्या एस.टी.ने येतील. सहाव्या दिवशी दुसरे सहकारीही एस.टी.ने आले. कोणी तोंडावर काही बोलले नाही, पण स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी सर्व जण इतके सहज वागत होते की ते मला अधिक लागले.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी शहरातील एका सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. त्यांनी आतून फेस मारून सीट, छत आणि दारांचे पत्रे स्वच्छ केले, एअर फ्रेशनर फवारला आणि १८०० रुपये घेतले. वास कोठून येतो हे शोधण्याचा प्रयत्न मात्र कोणी केला नाही. दीड दिवस गाडीत गुलाबाचा वास होता. त्यानंतर गुलाब आणि सडका वास असे दोन्ही मिळून येऊ लागले, आणि ते मिश्रण नुसत्या सडक्या वासापेक्षा असह्य होते. कापूर, कडुनिंबाचा पाला, कोळशाची पुरचुंडी, हे घरगुती उपायही मी केले. डांबराच्या गोळ्या ठेवण्याचा सल्ला मात्र मानला नाही, कारण बंद गाडीत उन्हाने तापल्यावर त्यांच्या वाफेने डोके धरते. सुगंधाने दुर्गंध झाकता येतो, त्याचा उगम थांबवता येत नाही, ही गोष्ट १८०० रुपये दिल्यावर मला पटली.

आठव्या दिवशी रविवार होता. आंघोळ करून मी वही घेऊन गाडीपाशी बसलो. तोपर्यंत मी "वास कुठून येतो" एवढेच विचारत होतो. पण गाडीसारख्या लहान बंद जागेत वास दोन मिनिटांत सगळीकडे पसरतो आणि आपले नाकही तितक्याच वेळात त्याला सरावते. मग डिक्की हुंगली तरी तोच वास आणि छत हुंगले तरी तोच. म्हणून मी वास केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, हे लिहायचे ठरवले. माझ्या नाकाचा भरवसा नव्हता, म्हणून आईला बोलावले. सकाळचे दूध संध्याकाळी फाटणार की नाही हे तिला भांड्याचे झाकण उघडताच कळते. एक चाचणी झाली की ती गाडीतून उतरून अंगणातल्या निंबाखाली पाच मिनिटे बसायची आणि नाक मोकळे झाले की पुन्हा यायची.

पहिली चाचणी सोपी होती. रात्रभर बंद ठेवलेल्या गाडीचे दार उघडले, इंजिन आणि पंखा बंद. आई म्हणाली, "कुबट वास येऊन राह्यला, ओल्या पोत्यासारखा. पण तो मेलेला वास नाही." मग किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता नुसता ब्लोअर, म्हणजे हवा आत ढकलणारा पंखा, पहिल्या वेगावर लावला. चार-पाच सेकंदांत तिने पदर नाकाला लावला. तिसऱ्या वेळी बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवणारी खटकी ओढली. काही मिनिटांनी सडका वास पुष्कळ कमी झाला, कुबट वास मात्र तसाच राहिला. खटकी पुन्हा बाहेरच्या हवेवर नेताच सडका वास परत आला.

त्या एका पानाने अनेक शंका निकाली निघाल्या. शेजारच्या काकांचे म्हणणे होते की बॅटरी जास्त चार्ज होत असेल. तशा बॅटरीतून सडक्या अंड्यासारखा वास खरोखरच येतो, पण तो इंजिन चालू असताना. आमचा वास इंजिन बंद असतानाही येत होता. इंजिन थंड ठेवणारे कूलंट गळत असते तर गोडसर वास आला असता आणि काचेवर आतून चिकट वाफ धरली असती. डिक्कीतील ढेप किंवा मागचे दूध कारण असते तर खटकीच्या जागेने काही फरक पडला नसता. म्हणजे वास एक नव्हता, दोन होते, आणि त्यांपैकी वाईट होता तो बाहेरच्या हवेबरोबर आत ओढला जात होता.

यानंतर जे सुचायला हवे होते ते मला नाही, माझ्या मुलीला सुचले. तिने विचारले, "बाबा, माश्या रोज तिथेच का बसतात?" पुढच्या काचेच्या खाली, डाव्या वायपरच्या मुळाशी पाच-सहा हिरव्या-निळ्या चमकदार माश्या बसल्या होत्या. मी आठवडाभर रोज सकाळी काच पुसताना त्या फडक्याने उडवून लावत होतो. या माश्यांना मेलेले जनावर लांबून कळते आणि त्या तेथेच अंडी घालतात, हे मी दरवर्षी मुलांना वर्गात शिकवतो.

सोमवारी शाळेतून येताना पुलगाव रस्त्यावरील एका फिटरकडे थांबलो. त्याचे दुकान म्हणजे टिनाचे शेड आणि एक खाट, पण काम चोख. माझी वही त्याने वाचली नाही, मी सांगितलेले ऐकले, एकदा ब्लोअर लावून पाहिला आणि म्हणाला, "सर, हा वास गाडीत नाही, गाडी तो बाहेरून ओढून राह्यली." दोन्ही वायपर काढून त्याने काचेखालची काळी प्लॅस्टिकची जाळी उचलली. पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी तेथे एक पन्हाळ असते आणि गाडीत बाहेरची हवा घेणारे तोंडही तेथेच असते. त्या तोंडाच्या कडेला हाताच्या ओंजळीएवढे घरटे होते. त्यात त्या हंगामातील पहिल्या वेच्याचा कापूस होता, सोयाबीनच्या शेंगांची टरफले होती, बॉनेटच्या आतील बाजूस लावलेल्या नमद्याचे कुरतडलेले तुकडे होते आणि मुलीच्या वहीचे निळ्या रेघांचे कागद होते. घरट्यालगत अर्धवट सुकलेला उंदीर पडला होता. त्याची शेपटी हवेच्या तोंडात लोंबत होती, म्हणजे पंखा लावला की ती हवा थेट त्याच्यावरून आमच्या तोंडावर येत होती. काचेवर पाणी मारणारी रबरी नळीही त्याने कुरतडली होती. इंजिनाच्या तारा वाचल्या हे नशीब.

हा उंदीर तेथे कसा मेला, याचे उत्तर फिटरकडे नव्हते, माझ्याकडे होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोयाबीनची पोती मधल्या खोलीत रचली तेव्हा मी तेथे उंदीर मारण्याच्या वड्या ठेवल्या होत्या. त्यांत ०.००५ टक्के ब्रोमाडिओलोन असते. ते तत्काळ मारत नाही. रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते, आणि उंदीर काही दिवसांनी आतील रक्तस्रावाने मरतो. दुकानदाराने मला सांगितले होते की हे खाल्लेला उंदीर पाण्यासाठी घराबाहेर जाऊन मरतो आणि म्हणून वास येत नाही. अनेक जण असेच मानतात. प्रत्यक्षात आजारी उंदीर त्याला सुरक्षित वाटणाऱ्या जागी जाऊन बसतो, आणि माझ्या घरच्या उंदराला गुरांच्या कोठ्याजवळ कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, गंजीला लागून उभी राहणारी, संध्याकाळी इंजिनाने उबदार असलेली गाडी सर्वांत सुरक्षित वाटली असावी. वडी एकादशीची, मरण साधारण कोजागिरीचे. दूध त्याच रात्री सांडले हा निव्वळ योगायोग होता आणि मी आठवडाभर दुधाला शिक्षा करीत होतो.

फिटर घरटे तसेच हाताने ओढणार होता, त्याला मी थांबवले. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होऊ शकतो आणि सुकलेली घाण झाडली की तिची धूळ नाकात जाते. दोघांनी रबरी हातमोजे घातले, तोंडाला रुमाल बांधले, ब्लीचच्या एका भागात नऊ भाग पाणी मिसळून ते घरट्यावर शिंपडले आणि दहा मिनिटे भिजू दिले. त्यानंतर सर्व काही प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पन्हाळ पुसून घेतली. तो उंदीर घरी आणून मी कोपरभर खोल खड्ड्यात पुरला, कारण विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने, मांजरीने किंवा घुबडाने खाल्ला तर ते विष त्यांनाही बाधू शकते.

आता कुबट वास उरला होता. फिटरने डॅशबोर्डचा डावा खण काढून त्यामागचा एअर फिल्टर ओढला. तो काळा झाला होता आणि एका कोपऱ्यात कुरतडलेला होता. मग त्याने डाव्या सीटपुढची मॅट उचलून नमदा मुठीत दाबला, तर बोटांमधून पाणी गळले. एसीच्या थंड जाळीवर हवेतील ओल जमते आणि ते पाणी एका नळीने गाडीखाली टपकते. ती नळी धूळ आणि घरट्याच्या कचऱ्याने बुजली होती, त्यामुळे पाणी आत साचून नमद्यात मुरत होते. खालून नळीत तार घालताच चहाच्या रंगाचे जवळपास लिटरभर पाणी भसकन बाहेर आले. मला तेव्हा आठवले की शाळेतून आल्यावर गाडीखाली पाण्याचे छोटे थारोळे साचत असे आणि आमच्या कोंबड्या ते प्यायला धावत येत. दोन आठवड्यांपासून कोंबड्या गाडीकडे फिरकत नव्हत्या. तेही मी पाहिले होते आणि त्याचा काहीही अर्थ लावला नव्हता.

नवा फिल्टर ३५० रुपये, नळी, जाळीच्या क्लिपा आणि मजुरी धरून एकूण हजाराच्या आत काम झाले. डावा नमदा मात्र सुकायला पूर्ण दोन दिवस लागले. वरून कोरडा वाटला तरी आत ओल राहते, म्हणून तो उलटून गच्चीवर टाकला आणि एक कोपरा मुठीत दाबून पाणी निघत नाही याची खात्री केल्याशिवाय परत बसवला नाही. फिटरने हवेच्या तोंडावर बारीक स्टीलची जाळी तारेने बसवून दिली. गाडी आता कुटाराच्या गंजीपासून दूर, अंगणात उघड्यावर उभी राहते. वड्यांऐवजी मी पिंजरा लावतो. त्यात उंदीर कमी सापडतात, परंतु तो कोठे आहे हे तरी कळते.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सर्व बसवून झाल्यावर आईला पुन्हा गाडीत बसवले, दारे बंद केली आणि ब्लोअर लावला. तिने आधी बाहेरच्या हवेवर, मग आतल्या हवेवर वास घेतला, डोळे मिटून पुन्हा एकदा घेतला आणि म्हणाली, "आता ढेपीचाच वास येऊन राह्यला."